दौलताबादचे स्थलांतर व वार्तावहन

मुहम्मद तुघलकाच्या कारकीर्दीत (१३२५–५१) दिल्लीहून दख्खनेत हलविलेल्या लोकांच्या संदर्भात तत्कालीन वार्तावहन-व्यवस्थेला विशेष महत्त्व आहे. दौलताबादजवळील खुलताबाद (जुने नाव रौझा) हे या विस्थापितांपैकी सूफी परंपरेतील अनेकांचे विश्रांतिस्थान होय.

दख्खनेतील बहाउद्दीन गुर्शास्पचे बंड मोडल्यानंतर सुलतानाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी केली. पाठोपाठ दिल्लीतील उमराव, अधिकारी, उलेमा व सूफी यांना सहकुटुंब तेथे जावे लागले. इसामी या इतिहासकाराचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्लीजवळच्या तिलपत या पहिल्याच मुक्कामी मरण पावले. मात्र सर्व दिल्ली ओस पडली, हे वर्णन आधुनिक इतिहासकार अतिशयोक्त मानतात.

दिल्ली–दौलताबाद हा प्रवास चाळीस दिवसांचा होता. १३३३ मध्ये भारतात आलेल्या इब्न बतूताने येथील टपालाचे दोन प्रकार वर्णिले आहेत : ‘उलाक’ म्हणजे घोडेस्वारांचे व ‘दावा’ म्हणजे पायी धावणाऱ्या जासुदांचे टपाल. दाव्याच्या चौक्या मैलात तीन असत. जासूद एका हातात पत्र व दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी घेऊन धावे. घंटानाद ऐकताच पुढील जासूद सज्ज होई. हे टपाल घोड्यांहूनही वेगवान होते. सुलतान दौलताबादेस असता त्याच्यासाठी गंगाजल याच मार्गे येई. अल्-उमरी (मृ. १३४९) याने प्रवाशांच्या माहितीवरून दोन्ही राजधान्यांमधील चौक्यांवर नगारे असल्याचे नमूद केले आहे. नगाऱ्यामागून नगारा वाजून दूरच्या शहरांचे दरवाजे केव्हा उघडले वा मिटले, हेही सुलतानास कळे.

ही व्यवस्था प्रजेची वार्ता सुलतानास देण्यासाठी होती. विस्थापितांना त्यांच्या गावची वार्ता देणे हा तिचा हेतू नव्हता. परतण्याची मुभाही त्यांना राजाज्ञेनेच कळली. १३३५ च्या सुमारास माबरचे बंड मोडण्यासाठी निघालेला सुलतान वरंगळ येथे आजारी पडून देवगिरीस परतला, तेव्हा इच्छा असेल त्यांनी दिल्लीस जावे, अशी परवानगी त्याने दिली. काही लोक निघाले; ज्यांना मराठ्यांचा मुलूख मानवला होता ते राहिले, असे बरनी सांगतो. त्याच्याच वृत्तांतानुसार माळव्यात तेव्हा दुष्काळ व अंदाधुंदी होती आणि वाटेवरील टपालचौक्या उठून गेल्या होत्या. दिल्लीतही दुष्काळच होता. म्हणजे वाटेच्या स्थितीची वार्ता ज्या वेळी सर्वाधिक निकडीची होती, त्याच वेळी ती आणणारी यंत्रणा मोडली होती.

मागे राहिलेल्यांनी आपले ज्ञान व आठवणी ग्रंथांतून जपल्या. निजामुद्दीन अवलियांची संभाषणे नोंदविणारा कवी अमीर हसन सिज्जी दख्खनेतच वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) यांची संभाषणे रुक्नुद्दीन काशानी याने लिहून ठेवली. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी (मृ. १३६९) यांचाही दर्गा येथे आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन दख्खन दिल्लीपासून तुटली. इसामीने आपला इतिहास १३५० मध्ये बहमनी आश्रयाने पुरा केला. नगारे व जासूद यांची व्यवस्था नामशेष झाली. विस्थापितांनी लिहून ठेवलेला वृत्तांत मात्र टिकला व या स्थलांतराचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी त्यावरच आधारलेले आहे.