कलम: जोडण्याचे की छाटण्याचे?

परसातल्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधली की आपण म्हणतो, कलम केले. लेखणीलाही कलम आणि या जोडकामालाही कलम, हे कसे? ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तोच अरबी-फारसीतून ‘कलम’ होऊन आपल्याकडे आला. बोरू लिहिता करायचा तर टोक तिरपे छाटावे लागते. पाचर कलमाची काडीही तशीच तासतात. फारसीतही लावण्यासाठी छाटलेल्या फांदीला याच शब्दाचे रूप आहे. कोणी म्हणेल, शब्द संस्कृतच. रघुवंशात उपटून पुन्हा लावलेल्या ‘कलम’ भाताची उपमा आहे की! आहे खरी, पण तिथे रोप मुळासकट हलते, सुरी लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आंब्याची कलमे गोव्यात पोर्तुगीजांनी रुजवली, मग शब्द त्यांचा का नाही? ‘हापूस’ त्यांच्या ‘अफोन्सो’वरून आला, हे कबूल, पण कृतीसाठीचा त्यांचा ‘एन्शेर्तु’ मराठीने काही घेतला नाही. मुळात ‘कलम’ हा शब्द जोडण्याचा नाहीच, छाटण्याचा आहे. गुटी कलमात खुंटही नसतो आणि जोडही नसते. सालीचे कडे काढून मुळे फुटली की फांदी छाटतात, आणि तरी तिला कलमच म्हणतात.