हे शूक्यो आहे का?

आज इतिहासातून एक प्रश्न घेऊ या. जपानमध्ये तो तुमच्याही वाट्याला आला असेल. तुम्ही ध्यानाचा वर्ग सुरू करायचं ठरवता, कोमिन्कानचा हॉल मागायला जाता आणि काउंटरवरून नम्रपणे विचारलं जातं, "हे शूक्यो आहे का?" तुम्ही पटकन म्हणता, "छे, नुसतं ध्यान आहे." पण समई आहे, गुरूंच्या तसबिरीला हार आहे, सुरुवातीला संस्कृत श्लोकही आहे. मग?

१९७७ साली दोन देशांच्या न्यायालयांनी जवळपास याच प्रश्नाला उलटसुलट उत्तरं दिली.

पहिलं प्रकरण मिए प्रांतातल्या त्सु शहरातलं. १९६५ च्या जानेवारीत नगरपालिकेनं व्यायामशाळा बांधायच्या आधी जिचिन्साइ केलं, म्हणजे आपलं भूमिपूजनच. शिंतो पुरोहित आले, नैवेद्य झाला, ७,६६३ येन सरकारी तिजोरीतून गेले. एक नगरसेवक कोर्टात गेला. नागोयाच्या उच्च न्यायालयानं त्याची बाजू घेतली, पण सर्वोच्च न्यायालयानं जुलै १९७७ मध्ये १० विरुद्ध ५ मतांनी निकाल फिरवला. विधीचा धर्माशी संबंध आहे, पण हेतू काम सुरक्षित पार पडावं हा आहे आणि त्यातून शिंतोचा प्रसार होत नाही, असं बहुमत म्हणालं. विरोधी पाचांमध्ये खुद्द सरन्यायाधीश होते.

दुसरं प्रकरण अमेरिकेतलं. न्यू जर्सीच्या पाच सरकारी हायस्कूलांत १९७५-७६ मध्ये महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान ऐच्छिक विषय म्हणून शिकवलं गेलं. मंत्र मिळायच्या आधी विद्यार्थ्यानं शाळेबाहेरच्या पूजेला फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन जायचं. शिक्षक महर्षींच्या गुरूंच्या, म्हणजे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वतींच्या तसबिरीपुढे संस्कृत स्तवन म्हणायचे. ही केवळ कृतज्ञता आहे, असा चळवळीचा बचाव होता. न्यायालयानं तो ऑक्टोबर १९७७ मध्ये फेटाळला आणि १९७९ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. ध्यान करायला बंदी नव्हती. सरकारी शाळेत ते शिकवायला होती.

दोन्हीकडे नैवेद्य, दोन्हीकडे स्तवन. तरी उत्तरं वेगळी का? कारण कोर्टानं देव आहे की नाही हे तपासलंच नाही. सरकार कशाच्या पाठीशी उभं राहतंय, एवढंच तपासलं. आमच्या सल्लागारीच्या धंद्यात पहिला नियम असतो : प्रश्न कोण विचारतंय ते आधी बघा. काउंटरवरच्या बाईंना तुमच्या श्रद्धेची चौकशी करायची नसते. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्यानुसार पालिकेच्या कोमिन्कानला कुठल्याही विशिष्ट धर्माला पाठिंबा देता येत नाही, म्हणून त्या विचारतात.

शेजाऱ्याच्या विचारण्यामागे मात्र वेगळं कारण असू शकतं. ओम शिन्रिक्योची सुरुवात १९८४ साली शिबुयातल्या एका योगवर्गातून झाली. १९८९ मध्ये तिला धार्मिक संस्था म्हणून सरकारी मान्यता मिळाली आणि २० मार्च १९९५ ला तिच्याच लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. ज्यांनी ती सकाळ पाहिली, त्यांच्या कानाला 'योग', 'गुरू', 'ध्यान' हे शब्द आपल्यासारखे गोड लागतीलच असं नाही. अशा माणसाला "हे शूक्यो नाही" म्हणून सांगायचं आणि मग त्यानं दारातून आरती ऐकायची, यानं शंका वाढतेच.

घोळ शब्दातही आहे. आजच्या अर्थाचा 'शूक्यो' हा शब्द मेइजी काळात पाश्चात्त्य कल्पनेचं भाषांतर म्हणून रुळला. त्याच काळात सरकारनं देवळांतला शिंतो हा 'शूक्यो' नव्हेच, असं ठरवून टाकलं. मग तो सगळ्यांवर लादणं सोपं झालं. म्हणजे "हा धर्म नाही" हे वाक्य दरवेळी निरुपद्रवी असतंच असं नाही. आपला 'धर्म' तर आणखी ऐसपैस. त्यात कर्तव्य येतं, स्वभाव येतो, शेजारधर्मही येतो.

तेव्हा पुढच्या वेळी हो-नाहीच्या फंदात पडू नका. काय करणार ते सरळ सांगा : वीस मिनिटं डोळे मिटून बसतो, आधी दिवा लावतो, हा श्लोक म्हणतो, त्याचा अर्थ असा, ज्याला नको त्यानं नंतर आलं तरी चालेल. हॉल नाही मिळाला तर घरचा दिवाणखाना आहेच. आणि मुलांनी विचारलं, "आई, हा आपला धर्म आहे का?" तर त्यांनाही हेच सगळं सांगा. उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.