पोरकं न करता जाणं

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूला स्वतःच्या मरणापेक्षा शिष्यांची काळजी जास्त होती. आपण गेल्यावर ते पोरके होऊ नयेत, म्हणून त्याने त्यांना सहायकाचं वचन दिलं. योहानाच्या शुभवर्तमानातला हा १४वा अध्याय वाचला की मला केडगाव आठवतं.

तिथे मुली खरोखरच पोरक्या होत्या. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो जणींना आणलं. आपल्यामागे लेक मनोरमा हे सांभाळेल, अशी त्यांना आशा होती. पण १९२१मध्ये मनोरमाच गेली.

साठी ओलांडलेल्या आईचं काय झालं असेल! पण मुक्ती मिशनच्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या होत्या. रमाबाई हिब्रू, ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या, आणि छापत होत्या मुक्तीतल्याच बायका. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या.

आपल्याकडे संस्थापक गेला की संस्था आटोपते, हे नेहमीचंच. मुक्ती मात्र आजही चालू आहे. नुसता वारस नेमून हे झालं नसतं, असं मला तरी वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?