पहिला आकडा : भूकंपाची नोंद त्सुनामीच्या इशाऱ्यापर्यंत कशी पोहोचते?

(१)
२६ डिसेंबर २००४, रविवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळ फाटू लागला. सुमारे पंधरा मिनिटांनी हवाई बेटांवरील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने पहिले पत्रक काढले. त्यात भूकंपाची तीव्रता होती ८.०. पुढे सखोल अभ्यासांती ती ९.१ किंवा त्याहूनही अधिक ठरली. आजचा धागा या दोन आकड्यांमधल्या अंतराचा इतिहास सांगतो.

(२)
८.० आणि ९.१ हे आकडे शेजारी वाटतात. परंतु भूकंपाची मोजपट्टी गुणाकाराने चढते. एक पूर्ण अंक वर गेले की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने खरा भूकंप पत्रकातल्या भूकंपाच्या चाळीस पटींहून मोठा होता. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला आरंभी समुद्राविषयी काहीच ठाऊक नसते. त्याच्या हाती असतात ते केंद्रबिंदू, खोली आणि हा आकडा. आकडा चुकला, तर पुढचे गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते.

(३)
मुळात इशारा देणे शक्य होते ते दोन वेगांतील तफावतीमुळे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी पृथ्वीच्या कवचाखालील खडकातून सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर धावतात. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग असतो ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम २०० मीटर. भूकंपाची वार्ता लाटेच्या चाळीस पट वेगाने येते. हाती पडणारा सारा अवधी एवढाच. तो वाया कसा जातो, हे प्रथम १९४६ साली जगाने पाहिले.

(४)
१ एप्रिल १९४६. अलास्कातील अल्युशियन बेटांजवळ भूकंप झाला. युनिमॅक बेटावरील स्कॉच कॅप दीपगृह लाटेने समूळ नाहीसे केले आणि तेथील पाचही जण गेले. सुमारे पाच तासांनी तीच त्सुनामी हवाईतील हिलो शहरावर आदळली. हवाई बेटांवर दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाच तास हाताशी होते, पण भूकंपाची नोंद पाहून किनाऱ्याला सावध करणारी यंत्रणाच नव्हती. त्या काळी अनेक वेधशाळांत नोंद छायाचित्राच्या कागदावर उमटे आणि कागद धुतल्याविना ती कोणाला दिसत नसे.

(५)
या आघातातून १९४९ मध्ये हवाईत इशारा केंद्र सुरू झाले. डोळ्यांसमोर उमटणारी नोंद, मोठा हादरा येताच वाजणारी घंटा आणि दूरदूरच्या वेधशाळांकडून तारेने येणाऱ्या वेळा ही त्याची साधने होती. भूकंपाची आधारसामग्री माणसाच्या हातून इशाऱ्यापर्यंत नेणारी ही आरंभीची एक साखळी म्हणता येईल.

(६)
तथापि १९४६ चा भूकंप एक कोडे मागे ठेवून गेला. रूढ पद्धतीने त्याची तीव्रता ७.४ च्या आसपास भरत होती. एवढ्याशा भूकंपातून एवढी प्रचंड लाट कशी उठली? १९७२ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ हिरो कानामोरी यांनी अशा घटनांना ‘त्सुनामी भूकंप’ हे नाव दिले. अशा भूकंपांत खडकांचे सरकणे संथ असते. जमीन फारशी हादरत नाही, मात्र समुद्र मोठ्या प्रमाणावर ढवळला जातो.

(७)
याच्या मुळाशी मोजमापाची एक मर्यादा आहे. टाळ ऐकू येतात पण मृदंगाचा घुमारा ऐकू येत नाही, अशा कानाने दिंडीचा आकार ताडावा, तसे जलद कंपनांवर आधारलेल्या मोजमापाचे होते. महाभूकंपाची बरीचशी ताकद मिनिटामिनिटांच्या संथ आंदोलनांत असते. त्यामुळे भूकंप कितीही मोठा असो, जुना आकडा ८ च्या आसपास अडून बसतो. १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मांडलेल्या ‘आघूर्ण तीव्रते’ने ही अडचण शास्त्रापुरती सुटली. इशारा केंद्राची सुटली नाही. संथ आंदोलन मोजायचे तर ते पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, आणि लाट थांबत नाही.

(८)
१९९० च्या दशकात ही साखळी संगणकाकडे गेली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९३ पासून ‘अर्थवर्म’ हे सॉफ्टवेअर विकसित केले. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्रातून ‘सीसकॉम्प’ आले आणि २००४ नंतर इंडोनेशियाने उभारलेल्या यंत्रणेत त्याला स्थान मिळाले. यांचे काम ढोबळमानाने असे : प्रत्येक केंद्रावरील कंपने अंकांत बदलायची, अचूक वेळेचा शिक्का मारून उपग्रहाद्वारे किंवा तारेने सतत पाठवायची, पहिली लहर कुठे केव्हा पोहोचली ते हेरायचे आणि अनेक केंद्रांच्या वेळा जुळवून भूकंपाचे स्थान व आकार ठरवायचा.

(९)
पुढची पायरी त्सुनामीची. लाटेचे गणित भूकंप झाल्यावर नव्याने मांडायला त्या काळी वेळ पुरत नसे. म्हणून जपानने हजारो काल्पनिक भूकंपांची गणिते आधीच सोडवून साठवली आणि १९९९ पासून त्यांच्या आधारे इशारे देण्यास आरंभ केला. हा साठा सुमारे एक लाख शक्यतांचा होता. भूकंप झाला की त्याच्याशी जुळणारे गणित शोधायचे आणि किनाऱ्यावरील लाटेची उंची वाचायची. पद्धत चतुर होती, पण कोणते पान उघडायचे हे ठरवणार तोच पहिला आकडा.

(१०)
आता २००४ कडे पुन्हा वळू. तो भ्रंश सुमारे १,३०० किलोमीटर लांब फाटला आणि त्याला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला. लहरींचा आरंभीचा भाग पाहून केलेला हिशेब अपुरा पडणे अटळ होते. तासाभराने निघालेल्या दुसऱ्या पत्रकात तीव्रता ८.५ झाली. ९ च्या जवळचा आकडा यायला आणखी काही तास गेले. तोवर लाट चेन्नई, नागपट्टणम येथे येऊन गेली होती. भारतात दहा हजारांहून अधिक आणि एकूण चौदा देशांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

(११)
येथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आकडा अचूक असता तरी तो कळवायचा कोणाला? हवाईच्या केंद्राकडे हिंदी महासागराची जबाबदारी नव्हती. या महासागरात त्सुनामीची यंत्रणा नव्हती आणि किनाऱ्यावरील माणसापर्यंत निरोप नेणारी वाटही नव्हती. साखळीच्या आरंभीची कडी कच्ची होती आणि शेवटची कडी अस्तित्वातच नव्हती.

(१२)
पुढील काळात दोन्ही टोकांना काम झाले. कानामोरी आणि लुई रिव्हेरा यांनी २००८ मध्ये ‘डब्ल्यू-फेज’ या दीर्घ आवर्तनाच्या लहरीवरून महाभूकंपाचा आकार लवकर काढण्याची पद्धत मांडली. भारताने हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ या संस्थेत १५ ऑक्टोबर २००७ रोजी त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित केले. तेथेही आधी सोडवलेल्या गणितांचा साठा आहे.

(१३)
पण सर्वांत कठोर परीक्षा झाली ती सर्वांत सज्ज देशाची. ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटे. जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला. तीव्रता ७.९, मियागी प्रांतात ६ मीटर, इवाते व फुकुशिमात ३ मीटर लाट अपेक्षित. एरवी पंधरा मिनिटांनी सुधारित तीव्रता हाती येई. त्या दिवशी हादरा इतका मोठा होता, की देशातील बहुतेक संवेदनशील भूकंपमापकांची नोंद मापाबाहेर गेली आणि तो हिशेब करताच आला नाही.

(१४)
३ वाजून १४ मिनिटांनी समुद्रातील तरंगत्या उपकरणांवरून लाटेचा अंदाज आला आणि इशारा वाढवला गेला : मियागीत १० मीटरहून अधिक. तोवर अनेक गावांची वीज गेली होती आणि सुधारित इशारा सर्वांपर्यंत पोहोचला नाही. ‘३ मीटर’ ऐकून काही ठिकाणी लोक निर्धास्त राहिले, हे नंतरच्या पाहणीत मान्य झाले. तीव्रता अखेरीस ९.० ठरली. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली.

(१५)
यावर जपानने केलेला बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. मार्च २०१३ पासून, भूकंप ८ हून मोठा असण्याची आणि पहिला हिशेब तोकडा पडण्याची शंका असेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगितले जात नाहीत. ‘प्रचंड’ किंवा ‘मोठी’ एवढाच शब्द दिला जातो. आकडा मागाहून येतो. जगातील अतिप्रगत यंत्रणेने आपल्या अज्ञानाची कबुली इशाऱ्यातच लिहून ठेवली.

(१६)
आकडा बरोबर असूनही भागत नाही, हे ११ एप्रिल २०१२ रोजी दिसले. सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि इन्कॉइसने सुमारे आठ मिनिटांत पहिले पत्रक काढले. पण येथे खडक वरखाली न होता आडवे सरकले होते. समुद्र फारसा उचलला गेला नाही आणि लाट किरकोळ निघाली. अशा वेळी शेवटचा शब्द समुद्रतळावरील दाबमापकांचा आणि किनाऱ्यावरील भरतीमापकांचा असतो.

(१७)
हा विषय आपल्या किनाऱ्यापासून दूर नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. अंदमान-सुमात्राच्या जोडीने मकरान हा भारतीय यंत्रणेच्या नजरेखालचा दुसरा पट्टा आहे.

(१८)
म्हणून कोकणात असा वा अंदमानात, समुद्राकाठी जमीन बराच वेळ हलत राहिली किंवा पाणी अकस्मात ओसरले, तर भ्रमणध्वनीवरील आकड्याची वाट पाहू नये; उंच जागी जावे. पहिला आकडा लहान असू शकतो, हे आता तो काढणारेच सांगतात.

धागा येथे पूर्ण होतो.