सांदवाडी : एका न लिहिलेल्या इतिहासाची जागा

नागपूरच्या बागांचा इतिहास सहज सापडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेकडून संत्र्याची कलमे आणली असे सांगितले जाते. पुढे काटोल, नरखेड, वरुडपर्यंत संत्र्याच्या बागा पसरल्या आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराजबाग भोसल्यांची, तेलंगखेडीचा बगिचा भोसल्यांचा. १९०६ साली इंग्रजांनी येथे शेतकी कॉलेज काढले. राजा, साहेब, बागाईतदार आणि संशोधक या सर्वांची नोंद या इतिहासात आहे. आळी करणाऱ्याची, पाणी वाहणाऱ्या बाईची, संत्री निवडून पेट्या भरणारीची नोंद मात्र नाही. हे नवे नाही, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. मला दुसऱ्याच एका बागेविषयी लिहायचे आहे. तिला कोणी बाग म्हटलेच नाही. आमच्याकडे तिला सांदवाडी म्हणतात.

सांदवाडी म्हणजे घरामागचा तुकडा. चार वेल, दोन झाडे आणि काटेरी झिलप्यांचे कुंपण. पुण्या-मुंबईचे लोक जिला परसबाग म्हणतात तीच ही, पण परसबाग या शब्दामागे एक वाडा असतो, वाड्याला विहीर असते आणि विहिरीला रहाट असतो. सांदवाडीमागे यातले काहीच नसते. माझी आजी उमरेड तालुक्यातली. तिचे बालपण मालगुजारी संपण्याच्या आसपासचे. मध्य प्रांतात मालगुजारी १९५१ साली संपली. तोवर गावठाणापासून गायरानापर्यंत मालगुजाराचा शब्द चालत असे. महारवाडा गावाच्या कडेला, घरे एकमेकांना चिकटून आणि त्यामागे हात-दोन हात जागा. त्या जागेत काय लावायचे हे घरच्या आवडीवर ठरत नव्हते, ते पाण्यावर ठरत होते.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एकदा मी आजीला विचारले, आपल्या वाडीत मेथी, पालक, कोबी असे काही का नव्हते? ती म्हणाली, "प्यायचं पानी दुसऱ्याच्या हातानं मिळे. त्यातलं वेलाले कुठून देऊ बापू?" गावच्या विहिरीवर आमच्या बायांना दोर सोडता येत नव्हता. घडा खाली ठेवून उभे राहायचे, कोणाला दया आली तर तो पाणी ओतेल. अशा घड्यातले पाणी वाफ्यात सोडणे हा वेडेपणा ठरला असता. म्हणून भांडी घासल्याचे, हातपाय धुतल्याचे, तांदूळ धुतल्याचे पाणी एका चरीतून मागे जाई, आणि त्या पाण्यावर व पावसावर जे जगेल तेच आमचे. कोहळे, वाल, अंबाडी, कोचई, मुंगना, कुंपणावर आपोआप चढणारे काटवल. आज ज्याला लोक 'दलितांची चव' म्हणून कौतुकाने किंवा नाक मुरडून पाहतात, ती चव जिभेने निवडलेली नाही. ती बरीचशी विहीरबंदीने घडवलेली आहे. १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह आपण पिण्याच्या पाण्याचा म्हणून शिकतो, शिकवतो. ज्याला पाणी नाही त्याला भाजीही नाही, हा त्याचा दुसरा अर्थ मला आजीच्या चरीने शिकवला.

रसेलने १९१६ साली मध्य प्रांताच्या जातिजमातींचे चार खंड प्रसिद्ध केले. भाजीपाला शोधायचा तर त्यात माळी, मरार, काछी यांच्याकडे जावे लागते. महार शोधायचा तर विणकाम, गावकी आणि मजुरी. साहेबाने खोटे लिहिले असे नाही, धंद्यांची वाटणी तशी होतीच. पण जातीला एक धंदा लावून दिला की उरलेले सगळे श्रम अदृश्य होतात. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करून आलेली बाई संध्याकाळी दिवेलागणीला आपल्या वेलाला आधार बांधते, ते कोणत्या खंडात लिहायचे?

आता चुलीकडे वळू. महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला आणि तो गावोगाव पोचला. विदर्भातही पोचला. हा स्वाभिमानाचा निर्णय होता यात शंकाच नाही. परंतु तो अमलात कोणी आणला, याचा विचार आपल्या लेखनात कमी आढळतो. पुरुषांनी सभेत हात वर केले आणि बायांना रात्री भाकरीबरोबर काय द्यायचे हे शोधावे लागले. माझ्या आजीची आई त्या पिढीतली. घरात वाळवलेल्या मांसाचे मडके रिकामे झाले आणि त्याच मडक्यात वाळवलेल्या भाज्यांचा सुकसा आला, असे आजी सांगे. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, हिवाळ्यात लाखोरीचे शेंडे खुडून उन्हात वाळवायचे, उन्हाळ्यात पाण्यात भिजवून मिरची-लसणावर परतायचे. अंबाडीच्या भाजीत तांदळाच्या कण्या घालायच्या म्हणजे ती वाढते आणि आंबटपणाही मरतो. पिकलेले कोहळे वाशाला टांगले तर कित्येक महिने टिकते. तेल बोटाने मोजायचे.

यात गौरव करण्याजोगे शहाणपण आहे, पण मला यातून गोड गोड चित्र काढायचे नाही. तरोटा आम्ही त्यातल्या गुणांसाठी खाल्ला नाही, आषाढात कणगी रिकामी असते म्हणून खाल्ला. लाखोरीचे तर आणखी कठीण. नागपूर-भंडारा-चंद्रपूरकडे उभ्या धानात उतेरा टाकून हे कडधान्य घेतात, त्याला नांगरट लागत नाही, पाणी लागत नाही. म्हणूनच ते गरिबाचे. पण त्यात एक विषारी द्रव्य असते, आणि महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पायातले बळ जाऊन माणूस कायमचा पांगळा होतो. १९६१ साली केंद्राने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. डाळ उकळून ते पाणी फेकून दिले की विष कमी होते, हे आमच्या बायांना ठाऊक होते. मात्र डाळीचे पाणी फेकून देणे ज्याला परवडते त्याच्याकडे दुसरी डाळही असते. ज्याच्याकडे नसते तो तेही पितो. मग दोष त्या डाळीचा किती आणि ती एकच डाळ ताटात ठेवणाऱ्या व्यवस्थेचा किती?

१८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आमच्यासारखी असंख्य कुटुंबे गाव सोडून शहरात आली. विणकर महारांचे माग गिरणीच्या कापडाने बसले आणि तेच हात गिरणीत गेले. आजोबाही गिरणीत लागले. लग्नानंतर आजी उत्तर नागपुरातल्या वस्तीत आली तेव्हा पदराच्या टोकाला बिया बांधून आली होती. येथे मागे जागा नव्हती, तर तिने वर लावली. तेलाच्या फुटक्या डब्यात माती भरून त्यात वालाचा वेल, तो कवेलूंवर चढलेला, आणि छपरावर ठेवलेल्यासारखी कोहळी. नळावर भांडण होई, पण नळाला जात विचारत नव्हते, हा फरक ती नेहमी सांगे. शेंगा उतरल्या की आधी शेजारच्या दोन घरी जात, मग आमच्या चुलीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि दीक्षाभूमीवर होती. त्या दिवसाविषयी ती भरभरून बोले. वेलांविषयी विचारल्याशिवाय बोलत नसे, कारण त्यालाही इतिहास म्हणतात हे तिला कोणी सांगितले नव्हते.

कार्व्हर मराठी वाचकाला परका नाही. वीणा गवाणकरांच्या १९८१ सालच्या 'एक होता कार्व्हर'ने तो घरोघरी नेला. १८९६ साली तो टस्कीगीला आला तेव्हा काळ्या खंडकऱ्यांच्या झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावलेला असे, कारण मालकाला भाजी नको होती, कापूस हवा होता. विदर्भाला हे समजावून सांगायची गरज नाही. १९०६ साली टस्कीगीची फिरती गाडी खेडोपाडी निघाली. १९१६ साली कार्व्हरने भुईमूग कसा लावावा आणि त्याचे १०५ प्रकार कसे करावेत याची पुस्तिका काढली, १९१८ साली टोमॅटोची, ११५ प्रकारांची. लावणे आणि रांधणे त्याने एकाच पुस्तिकेत बांधले, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या मराठी पाकशास्त्रात तसे नाही. १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून १९७० च्या 'रुचिरा'पर्यंत भाजी बाजारातून चिरण्याजोगीच येते.

पण कार्व्हरपाशी थांबता येत नाही. जमीन कोणाची, हा प्रश्न त्याने मालकाला विचारला नाही. तो प्रश्न फॅनी लू हेमर या मिसिसिपीतल्या शेतमजूर बाईने हाती घेतला. मतदानाचा हक्क मागितला म्हणून तिला मळ्यावरून हाकलले होते. १९६९ साली तिने सहकारी तत्त्वावर जमीन घेतली आणि त्यात भाजीपाला लावला. उपाशी माणसाचे मत विकत घेता येते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान धारणक्षेत्रांवर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला होता आणि दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. तुरुंगात गेलेल्यांत बायाही होत्या, कडेवर मुले घेऊन. त्या ज्वारीचे शेतच मागत होत्या असे आपण धरून चालतो. कदाचित विहिरीला लागून असलेला एक वाफाही त्यांच्या मनात असेल. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीन कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची योजना आहे. आकडा कागदावर चांगला दिसतो. गावात विकायला तयार असलेली जमीन कोठे असते आणि ती कोणत्या प्रतीची असते, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक केले होते. ही वाट पडली आहे. मात्र यात मांसाची चर्चा पुष्कळ झाली, पाल्याची कमी. मांसाभोवती अपमान होता म्हणून तो आधी बोलावा लागला, हे मी समजू शकतो. पाल्याभोवतीही अपमान होताच. मी कॉलेजात असताना डब्यात तरोटा पाहून एकाने विचारले होते, हे जनावरांना घालतात ना? मी हसलो, डबा बंद केला आणि त्या वर्षी पुन्हा डबा नेला नाही. आजीला सांगितले की कॅन्टीन चांगले आहे. आता त्याच तरोट्याची जुडी शहरातल्या रानभाज्या महोत्सवात टेबलावर मांडलेली असते, शेजारी गुणधर्मांची पाटी.

गेल्या दोन वर्षांपासून मी वर्गात इतिहासाच्या साधनांचा पाठ घेताना मुलांना घरच्या म्हाताऱ्या बाईकडून दहा भाज्यांची नावे, त्या कोठे लावल्या आणि पाणी कोठून आणले एवढेच विचारून यायला सांगतो. पहिल्या खेपेला बऱ्याच जणांनी कोबी-फ्लॉवर लिहून आणले. दुसऱ्या खेपेला एक मुलगी चार पाने भरून घेऊन आली. पाण्याच्या रकान्यात तिच्या आजीने सांगितले ते तिने जसेच्या तसे लिहिले होते : 'मालकाच्या म्हशीचं डोबरं.'

आजी गेली त्याला तीन वर्षे झाली. आमच्या गल्लीत आता भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट आहे, कवेलू जाऊन स्लॅब आला आहे. तिच्या पेटीत सातबारा नव्हता. दीक्षेच्या दिवशीची पांढरी साडी होती आणि तिच्या घडीत राख लावून ठेवलेल्या कोहळ्याच्या बिया. त्यातल्या अकरा मी स्लॅबवर ड्रम कापून लावल्या. चार उगवल्या.