कांडोळाचा डिंक आणि बेचाळीस गुण

गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांवरून सांगितला जातो, आणि तसा सांगितला की तो सरळ चढत जाणारा दिसतो. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी गुदद्वाराच्या बाजूने केलेल्या ५७ शस्त्रक्रियांपैकी ५४ रुग्णांत रोग परतला होता. म्हणून १९०८ साली त्यांनी नवी पद्धत मांडली. पोट आणि बैठक अशा दोन्ही बाजूंनी शिरून गुदाशय, गुदद्वार आणि भोवतालच्या रसग्रंथी काढायच्या आणि मोठ्या आतड्याचे टोक कायमचे पोटावर उघडायचे. पुढची चार दशके हाच प्रमाण उपचार राहिला. त्या काळातल्या अहवालांत दोन गोष्टी काटेकोर मोजल्या जात : शस्त्रक्रियेत किती दगावले आणि किती जणांत रोग उलटला. वाचलेला माणूस पोटावरच्या त्या तोंडासह कामावर कसा जातो, चारचौघांत कसा बसतो, याला तक्त्यात रकाना नव्हता. जे मोजले गेले ते सुधारत गेले आणि जे मोजले गेले नाही ते रुग्णाच्या घरी, बंद दाराआड राहिले, असे हा इतिहास बारकाईने पाहिल्यावर दिसते.

त्या दाराआडचे प्रश्न पहिल्यांदा सोडवले ते रुग्णांनी आणि परिचारिकांनी. डेन्मार्कमधल्या एलिझ सोरेनसेन या परिचारिकेची बहीण पोटावरच्या छिद्रामुळे घराबाहेर पडायला धजत नव्हती. तिच्यासाठी एलिझने १९५४ साली कातडीला चिकटणाऱ्या, वापरून फेकून देण्याच्या पिशवीची कल्पना काढली. प्लॅस्टिकचा व्यवसाय करणाऱ्या ओगे लुईस-हॅन्सन यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्याच दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल सोललेल्या कातडीवर कराया डिंक वापरू लागले. हा डिंक भारतातल्या कांडोळाचा. महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरउतारांवर पांढरट खोडाने उठून दिसणारे हेच ते झाड. टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या आपल्याच रुग्णाला १९५८ मध्ये रुग्णालयात नेमले. त्यांचा आजार कर्करोग नव्हता, आतड्याचा व्रणदाह होता. पण पिशवी सांभाळण्याचे ज्ञान दोन्हीकडे तेच. १९६१ मध्ये तिथे या कामाचे प्रशिक्षणही सुरू झाले. रुग्णाचा अनुभव नोकरीची पात्रता ठरला. हे घडू शकले, कारण पिशवी डोळ्यांना दिसत होती. तिची गळती नाकारता येत नव्हती.

शल्यविशारद मात्र पिशवीच नको, या दिशेने निघाले होते. मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये ४०० रुग्णांचा अनुभव मांडला : रोगट भाग काढून आतड्याची टोके पुन्हा जोडता येतात आणि गुदद्वार वाचते. पुढे गोलाकार स्टेपलरमुळे हा जोड अधिकाधिक खाली करता येऊ लागला आणि १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड काढण्याचे महत्त्व दाखवून दिले. पिशवी टळणे हीच यशाची खूण झाली. पण गुदाशय म्हणजे नुसती नळी नव्हे, ती कोठी आहे. मल साठवणे, वारा आणि मल यांतला फरक ओळखणे, सोय होईपर्यंत थांबणे ही तिची कामे. कोठी गेल्यावर तिच्या जागी ओढलेले आतडे अरुंद असते आणि पुढे ढकलण्याचीच त्याला सवय असते. त्यात ओटीपोटातल्या नसांची इजा आणि किरणोपचाराने आलेला ताठरपणा यांची भर पडते. मग तासाभरात तीन-चार फेऱ्या, अचानक लागणारी घाई आणि नकळत कपडे खराब होणे सुरू होते. आता तर दाखवायला पिशवीही नव्हती. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’ अशी आडवळणे घेऊन बोलणाऱ्या समाजात हे गाऱ्हाणे डॉक्टरांपर्यंत पोहोचावे तरी कसे?

ते पोहोचवले मोजपट्टीने. डेन्मार्कच्या एमर्टसेन आणि लॉरबर्ग यांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची, एकूण ४२ गुणांची पट्टी तयार केली. गुणांचे वजन रुग्णांच्या जगण्यावर झालेल्या परिणामावरून ठरले. घाईला सर्वाधिक १६, तासाभरात पुन्हा जावे लागण्याला ११, तर पातळ मल नकळत जाण्याला फक्त ३. नंतरच्या एका अभ्यासात तज्ज्ञांचे अंदाज याच्या उलट निघाले : गळतीला त्यांनी जास्त महत्त्व दिले, घाईला कमी. विविध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये झाला, तेव्हा अशा शस्त्रक्रियेनंतर तीव्र त्रास असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४१ टक्के आढळले.

हा त्रास मोजण्यावर आणि रुग्णाला आधी सांगण्यावर पहिला आक्षेप असा की, जीव वाचला हे मोठे. शौचाची तक्रार त्यापुढे किरकोळ. माइल्स यांच्या काळात हे म्हणणे रास्त होते. पण जसजसे जास्त रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले, तसतसे ती वर्षे कशी जातात हाही उपचाराचाच भाग झाला. दुसरा आक्षेप असा की, काळच हे बरे करतो. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बराच फरक पडतो हे खरे, पण अनेकांचा त्रास त्यानंतरही टिकतो आणि ‘थांबा, होईल’ एवढेच ऐकलेला रुग्ण उपाय विचारणेच सोडून देतो. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आधीच सांगितले तर रुग्ण घाबरून शस्त्रक्रियाच टाळेल. पण कायमची पिशवी की त्रासाचा संभव असलेला जोड, हा निवाडा जिथे रुग्णापुढे खरोखर असतो, तिथे एकाच पर्यायाची किंमत लपवणे म्हणजे त्याच्या वतीने आपणच निवड करणे होय.

उपाय आहेतही. इसबगोलाने मल बांधला जातो, लोपरामाइडने आतड्याची गती मंदावते, श्रोणितळाचे व्यायाम आणि गुदद्वारातून पाण्याने आतडे धुण्याची पद्धत अनेकांना दिवसाचा ताबा परत देते; त्रिकास्थीजवळच्या नसांना सौम्य विद्युत उत्तेजन देण्याचाही पर्याय आहे. काहीच लागू पडले नाही तर पोटावरची पिशवी पुन्हा स्वीकारणे ही हार नसते. यातले बरेचसे उपाय साधे आहेत; इसबगोल तर वाण्याच्या दुकानात मिळते. ते रुग्णाच्या हाती पडण्यासाठी आधी कोणीतरी त्याला विचारायला हवे होते, ‘दिवसातून किती वेळा जावे लागते, आणि थांबता येते का?’ नॉर्मा गिल यांना हा प्रश्न कोणी शिकवावा लागला नव्हता. उरलेल्यांसाठी तो २०१२ मध्ये कागदावर आला.