पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन : दोन महायुद्धांतील ब्रिटिश सैन्यरचना

गेल्या शतकातील दोन महायुद्धांची हकीकत वाचताना पलटण, रेजिमेंट, ब्रिगेड, डिव्हिजन हे शब्द पदोपदी भेटतात. ज्या घरांत आजोबा-पणजोबांची युद्धपदके जपून ठेवलेली आहेत, तेथेही त्यांच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांचा व अंकांचा उलगडा सहसा कोणास होत नाही. म्हणून ह्या रचनेचा थोडक्यात परिचय करून देण्याचे योजिले आहे.

१९१४ साली ब्रिटिश पायदळाच्या एका बटालियनमध्ये, म्हणजे आपण जिला पलटण म्हणतो तीत, सुमारे एक हजार माणसे असत. तिच्या चार कंपन्या, प्रत्येक कंपनीचे चार प्लाटून आणि प्रत्येक प्लाटूनचे चार सेक्शन अशी वाटणी होती. चार बटालियन मिळून एक ब्रिगेड व तीन ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन होई. पायदळाच्या बारा बटालियन, ७६ तोफा, इंजिनीयर, रसद व रुग्णसेवा यांची पथके आणि साडेपाच हजारांच्या आसपास घोडे, असा सुमारे १८,००० माणसांचा हा संसार होता. स्वतःच्या बळावर लढू व जगू शकेल असा सैन्याचा मूळ घटक तोच. त्याच्यावर कोअर व कोअरच्या वर आर्मी.

ह्या उतरंडीत रेजिमेंटचे नाव आले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ब्रिटिश पद्धतीत रेजिमेंट हे कूळ होते आणि बटालियन हे त्या कुळातील घर. कुळाचे नाव, निशाण व परंपरा सर्वांची एक. परंतु रणांगणावर ही घरे निरनिराळ्या ब्रिगेडींत विखुरलेली असत. हिंदुस्थानी सैन्यातही हीच रीत दिसते. १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवून नवे क्रमांक देण्यात आले. १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणींचे क्रमांक असेच सिद्ध झाले. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये ह्या तिन्ही होत्या. पण ११७ वी सोळाव्या, १०३ री सतराव्या व ११० वी अठराव्या ब्रिगेडमध्ये होती. प्रत्येक ब्रिगेडीत एक गोरी पलटण व तीन हिंदी, असे प्रमाण होते. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कूत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि उपासमारीने जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परतले नाहीत.

ही पुनर्रचना ज्यांच्या सेनापतिपदाच्या काळात झाली, तेच लॉर्ड किचनेर ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. युद्ध दीर्घकाळ चालणार हे ओळखून त्यांनी नव्या सैन्यासाठी एक लाख स्वयंसेवकांना हाक दिली. भरती जोमाने व्हावी म्हणून एक नवी युक्ती निघाली. शेजारी, भाऊबंद, एकाच गिरणीतील कामगार, एकाच पेढीवरील कारकून यांनी एकत्र नाव नोंदवावे व एकत्रच लढावे, असे अभिवचन देण्यात आले. ह्यांस दोस्तांच्या बटालियन म्हणत. लिव्हरपूल शहराने अशा चार बटालियन उभ्या केल्या. अ‍ॅक्रिंग्टन ह्या लहानशा गिरणगावाने आसपासच्या गावांच्या साहाय्याने एक संपूर्ण बटालियन दिली. ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची ती अकरावी.

शेफील्ड व बार्न्सली येथील अशाच पलटणींसह ती ३१ व्या डिव्हिजनच्या ९४ व्या ब्रिगेडमध्ये होती. १ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईत ह्या ब्रिगेडने सेर ह्या खेड्यावर चाल केली. अ‍ॅक्रिंग्टनच्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक मृत्युमुखी पडले. पण आकड्यांहून भयंकर गोष्ट निराळीच होती. जे एकत्र भरती झाले ते एकत्र पडले, आणि एकेका गल्लीतील घराघरांत एकाच आठवड्यात दुःखाची वार्ता पोहोचली. आपुलकीने पलटण जितक्या त्वरेने उभी राहिली, तितक्याच त्वरेने गाव उघडे पडले.

त्यानंतर ही रीत मागे पडली. १९१६ पासून सक्तीची भरती आली. जेथे तूट पडेल तेथे कोठलाही जवान पाठविला जाऊ लागला. १९१८ च्या आरंभी मनुष्यबळ अपुरे पडल्यामुळे ब्रिटिश ब्रिगेडींतील बटालियन चारांवरून तीनवर आणाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात हाच आकडा कायम राहिला. डिव्हिजनमधील माणसे पूर्वीइतकीच, परंतु पायदळाच्या बटालियन नऊ. उरलेली जागा मोटारचालक, संदेशवाहक, रणगाडाविरोधी तोफची यांनी घेतली. घोडे गेले. हिंदी ब्रिगेडींत बहुधा एक ब्रिटिश व दोन हिंदी बटालियन असत. इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनमधील नाईक यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये प्राणार्पण करून, व आठव्या डिव्हिजनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये, व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. एक तिसऱ्या बटालियनचे, दुसरे पहिल्या.

आता क्रमांकांचे महत्त्व का, ते सांगून हा लेख संपवितो. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांची मात्र, अधिकारी वगळता, पलटणवार केवळ संख्या दिली गेली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली अशा भेदभावाबद्दल जाहीर क्षमा मागितली. म्हणजे एखाद्या घराचा कर्ता पुरुष त्या दगडावर आहे, परंतु एका पलटणीच्या नावाखालील संख्येतील एक होऊन. त्याचे नाव त्या संख्येशी जोडणारा धागा घरात जपलेल्या पदकावर असू शकतो. ज्यांच्यापाशी असे पदक, पत्र वा दाखला असेल त्यांनी त्यावरील नाव, क्रमांक व पलटण उतरवून ठेवावी आणि पुढील पिढीच्या स्वाधीन करावी. अ‍ॅक्रिंग्टनने आपल्या मुलांची नावे जपली. आपली जपणे आपल्याच हाती आहे.